अनवाणी पायांची गोष्ट आधी बाजूला ठेव

बाळा,

१४ ऑक्टोबर २०२५च्या रात्री तुझा मेसेज आला तेव्हा टीव्ही बंद करून मी गॅलरीत उभा होतो. मडगावला फातोर्डा स्टेडियमवर आपल्या छांगतेने गोल मारून आपल्याला पुढे नेलं होतं, तरी सिंगापूरने आपल्याच घरी येऊन १-२ असं हरवलं. २०२७च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. तू लिहिलंस, "सर, आपल्याकडे फुटबॉल कधी नव्हताच. कोचिंगचा कोर्स करून काय करू?" जीव तळमळत असताना उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून एवढे दिवस थांबलो.

फुटबॉल "कधी नव्हताच" हे खोटं आहे. आणि मैदानाबाहेरच्या टपरीवर ऐकू येतं तेवढं सगळं वैभव होतं, हेही खोटं. प्रेक्षकाने काहीही मानलं तरी चालतं. कोचचं तसं नाही. हार कशाने झाली हे त्याने चुकीचं धरलं, की उद्याचा सराव चुकीचा होतो.

अनवाणी पायांचीच गोष्ट घे. १९५०च्या विश्वचषकात बुटांशिवाय खेळू दिलं नाही म्हणून आपण गेलो नाही, हे मीही लहानपणी छाती फुगवून सांगायचो. खरी हकिगत अशी की पात्रता गटातल्या बाकी संघांनी माघार घेतल्यामुळे आपल्याला ब्राझीलचं तिकीट न खेळताच मिळालं होतं. लांबचा प्रवास, अपुरी तयारी, आणि मुख्य म्हणजे त्या काळी विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठं वाटायचं. आपणच गेलो नाही. त्याआधी १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले. त्या सामन्यात आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या. पुढे १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असं धुतलं, तेव्हा कुठे देशात बूट सक्तीचे झाले. दोन पेनल्टी चुकल्याचं कुणी सांगत नाही, कारण त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. तू मात्र पोरांना तेच सांग.

आता जे खरंच मोठं होतं त्याकडे ये. सय्यद अब्दुल रहीम हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिही. पेशाने शिक्षक, पुढे भारतीय संघाचे कोच. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप ही मानाची स्पर्धा जिंकली, आणि तीही आपल्या मुंबईत, कुपरेज मैदानावर. ज्या रस्त्याने तू चर्चगेटला जातोस, तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. रहीमसाहेब पोरांच्या स्पर्धा भरवायचे त्या वेगळ्याच असत. एकीत फक्त कमजोर पायानेच खेळायचं, एकीत ड्रिबल करायला, म्हणजे चेंडू पायाशी घेऊन पळायला, बंदी. यामागचा विचार ओळख. आपली पोरं चेंडूच्या प्रेमात पडतात, पायाशी धरून ठेवतात. ड्रिबल बंद केलं की मान वर करून पास शोधावाच लागतो. याला पैसा लागत नाही, टर्फ लागत नाही.

याच माणसाने १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकला संघ नेला. तिथे नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि आपण ४-२ने जिंकलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मूळचा गोव्याचा, पण खेळला मुंबईत. वांद्रे रेक्लमेशनच्या ज्या टर्फवर तू सामने बघायला जातोस, त्याला त्याचं नाव आहे. दारावरची पाटी वाचून आत जाणारी किती पोरं तिथे तुला दिसली? उपांत्य सामन्यातही युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल नेव्हिलचाच. मग आपण ४-१ने हरलो, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ३-०. चौथा क्रमांक. त्यातही हंगेरी आली नाही म्हणून पहिली फेरी आपल्याला न खेळता मिळाली होती, हेही लक्षात असू दे. एवढं कळूनही माझ्या मनातला नेव्हिल तसूभरही लहान होत नाही.

१९६२चं जकार्ता मला सगळ्यांत प्रिय. आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. पुढे बचावपटू जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवलं नाही, सेंटर फॉरवर्ड केलं! अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच कोरिया, प्रेक्षक आपल्या विरोधात. पी. के. बॅनर्जीने एक गोल मारला, जर्नेलने दुसरा. २-१, सुवर्णपदक. त्या संघात आपल्या मुंबईच्या लीगमधला फॉर्च्युनाटो फ्रँकोही होता. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोग होता. १९६३च्या जूनमध्ये ते गेले.

त्यानंतरची घसरण एका कारणाने झाली असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. पण एक कारण माझ्या फार जिव्हारी लागतं. जग ९० मिनिटं खेळत होतं तेव्हा आपल्या देशातल्या स्पर्धांचे सामने कित्येक वर्षं ७० मिनिटांचे होते. शेवटची वीस मिनिटं शरीराने कधी शिकलीच नाहीत. हे आज संपलंय असं समजू नकोस. माझ्या हाताखालच्या पोरांना एका वर्षी लीगचे सामने बोटांवर मोजण्याइतके मिळाले, आणि तेही छोट्या वेळेचे. मोठ्या स्पर्धेत साठाव्या मिनिटानंतर त्यांचे पाय जड झाले. मी त्यांच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं, त्यांचा काय दोष? १८९१ला सुरू झालेला रोव्हर्स कप या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला, एकेक करून कंपन्यांचे संघ गेले. पोरांना मोठ्या माणसांशी भिडायची जागाच आटली.

मधली वर्षं तू वाचशीलच. १९७०चं आशियाई स्पर्धेतलं कांस्य, १९९६ला जागतिक क्रमवारीत ९४वा क्रमांक, २०१५ला १७३वा. अंधेरीचं २०१८ मात्र माझ्याकडून ऐक. १ जूनला चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, आपण ५-० हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीची हॅट्‌ट्रिक. मी गेलो होतो. स्टँड रिकामे. अडीच हजारांच्या आसपास माणसं असतील, एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ तारखेला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना. तिकिटं संपली, वरून धो धो पाऊस, मैदानात पाणी, आणि कुणी जागचं हललं नाही. ३-० जिंकलो. भिजलेल्या कपड्यांनी अंधेरी स्टेशनपर्यंत चालत आलो आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आज संघाचा कोच खालिद जमील आहे. कुपरेजवर मुंबई एफसीला त्याने सात वर्षं घडवलं, २०१७ला ऐझॉलसारख्या छोट्या संघाला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघ त्याच्या हातात आला, आणि पहिल्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आला. महिन्याभरात फातोर्डा झालं. दोन्ही निकाल त्याच संघाचे. त्यातला एकच धरून मत बनवू नकोस.

कोर्सची फी भर. हप्त्याची अडचण असेल तर लाजू नकोस, मला सांग. रविवारी सकाळी साडेसहाला क्रॉस मैदानावर ये. तेरा वर्षांखालची अठरा पोरं आहेत, दोन गट करू. पहिली वीस मिनिटं फक्त कमजोर पाय, पुढची वीस ड्रिबल बंद. शिट्टी तुझ्याकडे, मी बाजूला बसेन. गट ओळखायचे रंगीत बिब मी आणतो, चेंडूंना हवा भरायचा पंप तेवढा तुझा घेऊन ये, माझा गळतोय.

तुझा,
सर