लेकीला बॅरिस्टर व्हायचंय आणि आईला झोप नाही

लंडनजवळच्या हॅरोहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर नाशिकचं. मुलगी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला बॅरिस्टरच (मुख्यतः कोर्टात उभं राहून केस लढवणारी वकील) व्हायचंय, आणि ताईंचं म्हणणं की सॉलिसिटर (अशिलाचं काम फर्ममधून बघणारी वकील) हो, महिन्याला पगार तरी येईल, बॅरिस्टर बायकांना घरसंसार उरत नाही म्हणे.

ताई, तुम्ही ऐकलंय ते अगदीच खोटं नाहीये. पण काम जास्त ही अडचण नाही हो, मोठ्या फर्ममधल्या सॉलिसिटरलाही रात्रीचे बारा वाजतात. बॅरिस्टरची खरी बोंब म्हणजे उद्याचा भरवसा नाही. क्रिमिनलमधे कोर्टाची यादी आदल्या दिवशी लागते, मग संध्याकाळी क्लार्कचा (बॅरिस्टरांना कामं वाटून देणाऱ्याचा) फोन, उद्या सकाळी लूटनला पोच, दुसऱ्या कुणाची तरी केस तुझ्या गळ्यात, आणि रात्री पोराला झोपवून कागद वाचत बसायचं, सकाळी पाळणाघर उघडायच्या आधी ट्रेन पकडायची. त्यात बहुतेक जणी सेल्फ-एम्प्लॉइड. चेंबर्स, म्हणजे बॅरिस्टरांचं एकत्र ऑफिस, काही पगार देत नाही, उलट खोलीचं आणि क्लार्कचं आपणच द्यायचं. बाळंतपणात सरकारचा मॅटर्निटी अलाउन्स ३९ आठवड्यांपर्यंत, बाकी जुन्या केसेसची फी येईल तेव्हा येईल.

तरी बायका करतातच. इंग्लंडमधली बॅरिस्टर रोझ हाइलब्रॉन, तिला जानेवारी १९४९ मधे मुलगी झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमधे ती किंग्ज काउन्सेल (वरिष्ठ बॅरिस्टरचा मान) झाली, पुढे मुलगीपण बॅरिस्टर. पण अशी एखादीच, तिच्यावरून हिशोब मांडू नका. तुमच्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मधे ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, बॅरिस्टर व्हायला मात्र १९२३ उजाडलं कारण बायकांना दारच १९१९ च्या कायद्याने उघडलं. (त्यांनी लग्न केलं नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते.)

मुलीला एवढंच विचारा, बॅरिस्टर म्हणजे नक्की कुठल्या कामाची? चॅन्सरी (ट्रस्ट, वारसा, मालमत्तेचे वाद), टॅक्स असल्या कामात कागद जास्त, तारखा बऱ्याचदा आधी कळतात, घरून पण बरंच होतं. फॅमिली लॉ बायकांसाठी सोपा असं लोक बोलतात, ते मला पटत नाही, मूल ताब्यात घ्यायची अर्जंट केस आली की तिथेही रात्र जातेच. आणि क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस (सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणारं खातं) किंवा सरकारी लीगल खात्यात नोकरी केली तर पगार, रजा, पेन्शन सगळं, आणि बॅरिस्टर ती बॅरिस्टरच! हे तुमच्या पत्रात कुठेच नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

चेंबर्स निवडताना रजेची लेखी पॉलिसी मागायची. रजेत भाडं किती महिने माफ, परत आल्यावर क्लार्क जवळची कोर्टं देतो का, आणि मुलं झाल्यावर किती जणी टिकल्या. हे मुलाखतीत नाही, तिथल्या ज्युनियर बाईला चहावर विचारायचं, खरं तीच सांगेल.

जावयाची काळजी नंतर करू. सध्याची काळजी प्युपिलेजची, वर्षभराची ती उमेदवारी मिळाल्याशिवाय प्रॅक्टिस नाही आणि जागा कमी, अर्ज ढीगभर. बार कोर्सची (बॅरिस्टर व्हायच्या शिक्षणाची) फी हजारो पाउंड आहे, लिंकन्स इन, मिडल टेंपल वगैरे चारही इन्स, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था, स्कॉलरशिप देतात, तिथे आधी अर्ज करू दे, आणि जमलं तर प्युपिलेज हातात आल्यावरच फी भरा.