ज्वारीच्या रानात स्कॉटलंड कशाला शोधायचं?

प्रश्न : सर, मी अशोक चौकात राहतो, दिवसभर चादरीच्या दुकानात असतो नि रात्री पेंटिंग करतो. मोबाईलवर स्कॉटलंडची लँडस्केप बघून वेड लागलंय, ते धुकं, ते डोंगर, कॉप्या पण केल्या पण जीव नाही येत. आपल्याकडं नुसती काळी रानं नि ऊन, यात काय रंगवायचं? आणि तिथले चित्रकार सगळे मोठ्या घरचेच होते का?

उत्तर : शेवटचं आधी सांगतो. विल्यम मॅकटॅगर्ट हा स्कॉटिश चित्रकार, 1835 चा जन्म, छोट्या शेतकऱ्याचं पोरगं, आधी औषधवाल्याकडं कामाला होता, सोळाव्या वर्षी एडिंबरोला चित्रकला शिकायला गेला आणि पुढं आयुष्यभर परत परत आपल्या गावाकडच्या, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडल्या किंटायरच्या किनाऱ्यावर जाऊन तोच समुद्र रंगवत बसला. त्यामुळं दुकानातल्या नोकरीचं कारण माझ्यापुढं चालणार नाही.

आता जोन अर्डली बघ, ही माझी आवडती. जन्म 1921 चा, तोही इंग्लंडमधला, स्कॉटलंडमधला नाहीच. ग्लासगोत शिकली, तिथल्या गरीब वस्तीतली पोरं रंगवली, आणि 1950 च्या आसपास तिला पूर्व किनाऱ्यावरचं कॅटरलाइन नावाचं कोळ्यांचं गाव सापडलं. एवढंसं गाव, कड्यावर घरांची एक रांग, खाली समुद्र, मागं शेतं, बस्स. पण बाई हलली नाही तिथनं, साध्या घरात राहायची, वादळ आलं की बोर्ड घेऊन बाहेर, वाऱ्यानं उडू नये म्हणून तो बांधून ठेवायचा आणि रंगवत सुटायचं. 1963 ला कॅन्सरनं गेली, फक्त 42 वर्षांची होती, आणि तिची राख त्याच किनाऱ्यावर विखुरली.

तिचं गवताचं एक चित्र आहे 1960 चं, झूम करून बघ, रंगात खरंखुरं गवत नि बिया चिकटलेल्या दिसतात. तू कॉपी करताना त्या ठिकाणी पिवळा ठिपका देणार, तुला काय माहीत तिथं बी आहे ते! तुझ्या धुक्यात जीव येत नाही त्याचं कारण पण हेच, तू त्यात कधी उभाच राहिला नाहीस. हात साफ व्हायला कॉपी कर की, माझी ना नाही, पण ती भिंतीवर लावू नकोस.

काळ्या रानाचं म्हणशील तर ते काळं असतं हे कुणी सांगितलं तुला? मंगळवेढ्याकडं जानेवारीत सकाळी जा, मालदांडी ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते, कणसं भरलेली, खाली जमिनीला भेगा पडायला लागलेल्या. त्या भेगेच्या आत बघ, निळसर दिसतं, वरच्या ढेकळावर ऊन पडलं की राखाडी-तपकिरी, आणि संध्याकाळी चक्क जांभळट. ट्यूबमधला काळा रंग घरी ठेव, अल्ट्रामरीन निळा नि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिसळ, कमी-जास्त करत गेलास की ती माती हाताला लागेल. आणि उजनीचे फ्लेमिंगो कृपा करून रंगवू नकोस, ते सगळ्यांनी रंगवून झालेत.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये जलरंग कागदावर टेकायच्या आत वाळतो, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, लागतच नाही. काय करू? (एक गृहिणी, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, कागद दोन्ही बाजूंनी चांगला भिजवा आणि अॅक्रेलिक शीटवर पसरा, खालून ओल राहते. सूर्य वर यायच्या आत बसा, दहा वाजता हिप्परग्याच्या तळ्यावर उघड्यात बसायचा हट्ट नको.

प्रश्न : ऑइल पेंटिंगला वार्निश लावलंच पाहिजे का? फ्रेमवाला म्हणतो लावा, चकाकी येते. (एक विद्यार्थी)

उत्तर : फ्रेमवाला काय, तो काचेवर पण वार्निश मारेल. फ्रान्सिस कॅडेल नावाचा स्कॉटिश चित्रकार आयोना बेटावरची पांढरी वाळू नि हिरवं पाणी रंगवायचा, रंगातलं तेल शोषून घेणारा पांढरा थर खाली द्यायचा आणि चित्राच्या मागं लिहून ठेवायचा की वार्निश कधीही लावू नका. का, तर वाळूचा तो कोरडा, खडूसारखा उजेड वार्निशनं मरतो. तुझ्या चित्रात रात्रीचा ओला रस्ता असेल तर लाव खुशाल, पण दुपारचं ऊन असेल तर राहू दे मॅट, बिनचकाकीचं. लावायचं ठरलंच तर रंग पूर्ण वाळू दे, जाड थराला सहा महिने ते वर्ष लागतं, फ्रेमवाल्याला घाई असली तरी.

आणि सगळ्यांनाच, चित्रांचे फोटो ट्यूबलाइटखाली काढून पाठवताय ते बंद करा की, अंगणात सावलीला धरून काढा, निम्म्या चित्रांचा खरा रंगच कळला नाही.