शब्दचर्चा : 'शिक्षा झालेला उमेदवार'

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे : "बातम्यांत एकाच माणसाला कधी 'आरोपी उमेदवार', कधी 'गुन्हेगार उमेदवार', तर कधी 'शिक्षा झालेला उमेदवार' म्हणतात. बरोबर काय? आणि शिक्षा झालेल्याला उमेदवार तरी का म्हणायचं? त्याला उभं राहू द्यावं का?"

आरोपी आणि गुन्हेगार यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. नुसता गुन्हा दाखल झालेल्याला गुन्हेगार लिहिणं चूक आहे, एवढं पुरे. गुन्हेगार हा 'गुनाह'ला '-गार' लागून झालेला फार्सी शब्द. पेशवाईत मात्र 'गुन्हेगारी' म्हणजे दंडाची रक्कम! वाद जिंकणारा सरकारात 'हरकी' भरायचा आणि हरणारा 'गुन्हेगारी'.

मला खरा राग येतो तो 'शिक्षेला स्थगिती' या शब्दांचा. परवाही एका वाहिनीवर ऐकलं : "शिक्षेला स्थगिती मिळाल्यानं निवडणूक लढवण्याचा मार्ग मोकळा." साफ चूक. न्यायालय दोन गोष्टी करतं. आधी माणूस दोषी आहे असं ठरवतं, मग त्यानं काय भोगायचं ते सांगतं. पहिली दोषसिद्धी, दुसरी शिक्षा. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८नुसार एरवीच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली, की माणूस दोषी ठरल्या दिवसापासून अपात्र होतो आणि सुटल्यावर आणखी सहा वर्षं अपात्र राहतो. (काही ठरावीक गुन्ह्यांत तर नुसता दंड झाला तरी सहा वर्षं जातात.) अपील होईपर्यंत शिक्षा थांबली, तरी दोष पुसला जात नाही.

राहुल गांधींचं उदाहरण आठवा. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयानं त्यांना दोन वर्षांची कैद सुनावली आणि अपिलासाठी ती तिथल्या तिथे स्थगितही केली. तरी दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धीला स्थगिती दिली, तेव्हा ती परत आली. एवढं उदाहरण डोळ्यांसमोर घडूनही आपण दोन्हीला 'शिक्षेला स्थगिती'च म्हणतो! पूर्वी आमदार-खासदारांना तीन महिन्यांची सवलत होती, त्या मुदतीत अपील केलं की खुर्ची शाबूत. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती सवलत रद्द केली. तेव्हापासून या दोन शब्दांतल्या फरकावर माणसाचं पद टिकतं किंवा जातं.

मराठी बोलीत दोषसिद्धीला सुटसुटीत शब्द नाही, हे खरं. 'सिद्धदोष' आहे, पण तो सरकारी कागदाबाहेर पडत नाही. तुरुंगातल्या माणसांनी मात्र हा प्रश्न केव्हाच सोडवलाय : खटला चालू असलेला तो कच्चा कैदी, दोष ठरलेला तो पक्का कैदी. दोन शब्दांत सगळा कायदा आला. कच्च्या कैद्याला मत देता येत नाही, पण उभं राहता येतं. २०२४मध्ये शेख अब्दुल रशीद तिहारमध्ये कच्चे कैदी असतानाच बारामुल्लातून लोकसभेवर निवडून आले.

आता उमेदवार. या शब्दासाठीच मी लिहायला बसलो.

एक गोष्ट दर निवडणुकीत कुणीतरी सांगतं : रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडूनं पांढरा केलेला झगा घालायचा, म्हणून त्याला 'कॅन्डिडेटस', म्हणजे शुभ्रवस्त्रधारी, म्हणायचे. म्हणून उमेदवार स्वच्छ हवा! गोष्ट खरी आहे, पण ती लॅटिन शब्दाची. ती मराठी शब्दाच्या अंगावर चढवणारे व्याख्याते मूळ शब्दाकडे बघतच नाहीत. आपल्या उमेदवाराच्या व्युत्पत्तीत कपडे नाहीत आणि स्वच्छताही नाही. 'उमेद' म्हणजे आशा, '-वार' म्हणजे बाळगणारा. उमेदवार म्हणजे आशा लावून बसलेला.

पण बसलेला कुठे? कचेरीच्या दाराशी. नोकरी मिळेल या आशेनं साहेबाच्या किंवा कारकुनाच्या हाताखाली बिनपगारी राबणारा तो उमेदवार, आणि त्याचं ते राबणं ही 'उमेदवारी'. इंग्रज अधिकाऱ्यांना हा माणूस इतका पदोपदी भेटायचा, की १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही त्याची नोंद आहे. आपल्याकडे तो अर्थ आजही जिवंत आहे. नवा वकील ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करतो. एसटीच्या कार्यशाळेत आयटीआयची मुलं 'शिकाऊ उमेदवार' म्हणून लागतात. गंमत म्हणजे खुद्द 'उमेद' मराठीत पार बदलली. हिंदीत 'उम्मीद' ही अपेक्षाच राहिली. आपल्याकडे उमेद खचते, उमेदीची वर्षं निघून जातात. ती आता आतली धमक झाली आहे. उमेदवारानं मात्र जुना फार्सी अर्थ सांभाळला.

माझं म्हणणं असं, की निवडणुका आल्या तेव्हा मराठी माणसानं हा शब्द कचेरीच्या ओसरीवरूनच उचलला. उभा राहणाऱ्याकडे त्यानं दाराशी ताटकळणारा, अजून काहीच न मिळालेला माणूस म्हणून पाहिलं. दार मतदाराचं. हे न मानणारे काही भाषाशुद्धीवाले 'प्रत्याशी' सुचवतात. त्यांनी शब्द फोडून तरी पाहावा : प्रति अधिक आशा. फार्सी आशा हाकलून संस्कृत आशा आणली, अर्थ तसूभर हलला नाही आणि शिकाऊपणाची सगळी छटा मात्र गेली. हा बदल मला मान्य नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, उभं राहू द्यावं का. माझं उत्तर याच शब्दातून येतं. ज्याचा दोष ठरला, त्यानं नव्यानं उमेदवारी करावी, जुन्या अर्थानं. सुटल्यानंतरची सहा वर्षं मी तशीच वाचतो. आजन्म बंदी मला पटत नाही. 'शिक्षा' हा शब्दच 'शक्' धातूच्या इच्छार्थी रूपातून आला, समर्थ होण्याची इच्छा, म्हणजे शिकणं. मराठीनं त्याचा अर्थ भोगण्याकडे नेला, तरी शिक्षण आणि शिक्षक त्याच घरात राहिले. शिकण्याची शक्यता कायमची नाकारणारी शिक्षा मला चुकीची वाटते. पण सहा वर्षांत एक दिवसही कमी होऊ नये, आणि अपील हे त्यातून निसटण्याचं दार होऊ नये. आमदारकीला दोन वर्षांची कैद आड येते, आणि गावच्या ग्रामपंचायतीला सहा महिन्यांचीच. कायदे करणाऱ्याला सवलत आणि गावातले दिवे लावणाऱ्याला कडक नियम, हे उलटं आहे. आमदारालाही सहा महिन्यांचाच नियम लावा.

आणि दोष न ठरताही अपात्र होता येतं, हे विसरू नका. १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या प्रचारावरून बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार १९९९मध्ये सहा वर्षांसाठी गेला. तो ठपका निवडणुकीतल्या भ्रष्ट आचाराचा होता, गुन्ह्याचा खटला नव्हता. म्हणून 'अपात्र' हा शब्द 'गुन्हेगार'च्या जागी वापरू नये.

बाई, मुलांना असं शिकवा. गुन्हा नोंदला आहे, खटला चालू आहे, तोवर 'आरोपी'. न्यायालयानं ठरवल्यावर 'दोषी ठरलेला'. 'सिद्धदोष' जमलं तर उत्तमच. आणि छाननीत अर्ज टिकेपर्यंत कुणीच उमेदवार नाही, तो 'इच्छुक'. तेव्हा 'शिक्षा झालेला उमेदवार अपात्र' असा मथळा दिसला, तर तो खोडून वर लिहा : 'दोषी ठरलेल्या इच्छुकाचा अर्ज बाद'.