आधी राहायला जा, मग खेळायला

नाशिक

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. टेक्सासमधला क्रिकेट क्लब राहायची सोय करेल, अकादमीत लहान मुलांना शिकवायचं काम देईल, शनिवार-रविवार सामने असतील आणि तीन वर्षं काढलीस की अमेरिकेच्या संघाचं दार उघडेल, असं त्या एजंटने तुला सांगितलंय. तू दोन गोष्टी विचारल्यास. जावं का, आणि गेलो तर लोक गद्दार म्हणतील का. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहितोय.

आधी दुसरा प्रश्न संपवू. बेसिल डॉलिव्हेराचं नाव तुमच्या पिढीने फारसं ऐकलेलं नसतं. केपटाऊनचा हा माणूस गोरा नव्हता, त्यामुळे दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा रस्ता त्याला बंदच होता. जॉन आर्लट या इंग्रज समालोचकाला त्याने पत्रं लिहिली, आर्लटने खटपट केली आणि 1960 मध्ये तो लँकेशायरकडच्या एका लीग क्लबात खेळायला गेला. 1966 मध्ये इंग्लंडकडून कसोटी खेळला. 1968 मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध 158 केल्या. पुढे इंग्लंडच्या संघातून तो आपल्याच मायदेशी येणार म्हटल्यावर तिथल्या सरकारने तो संघ स्वीकारायला नकार दिला आणि दौरा रद्द झाला. ऑयन मॉर्गन डब्लिनचा. 2007 चा विश्वचषक तो आयर्लंडकडून खेळला, पण आयर्लंडला तेव्हा कसोटी दर्जा नव्हता. तो इंग्लंडकडे गेला आणि 2019 मध्ये लॉर्ड्सवर कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला. आणि आपले बापू नाडकर्णी? जन्म नाशिकचा, 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ 21 निर्धाव षटकं टाकणारा डावखुरा फिरकीपटू. तेही महाराष्ट्र सोडून मुंबईकडून खेळले. राज्य बदलणं आणि देश बदलणं सारखं नाही, हे मला कळतं. पण खेळणारा माणूस खेळायला मिळेल तिकडे जातो, यात पाप नाही. आपल्या गोल्फ क्लब मैदानाच्या कट्ट्यावर कोण काय म्हणतं, ते मनाला लावून घेऊ नकोस.

आता पहिला प्रश्न. तू सौरभ नेत्रावळकरचं उदाहरण दिलंस, म्हणून त्याच्याबद्दलच बोलतो. मुंबईचा मुलगा. 2010 मध्ये भारताच्या 19 वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला, के. एल. राहुल त्याच संघात होता. 2013 मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पण झालं. पुढे वाट दिसेना, तेव्हा 2015 मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स करायला गेला. शिकायला गेला, हे नीट लक्षात घे. क्रिकेट जवळजवळ मागे टाकूनच गेला होता. मग ओरॅकलमध्ये नोकरी लागली, आठवडाभर काम करून सुट्टीच्या दिवशी खेळणं सुरू झालं, आणि त्यातून अमेरिकेचा संघ आला. 6 जून 2024 ला टी-20 विश्वचषकात डॅलसजवळ पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर, म्हणजे बरोबरीनंतरचं निकालाचं षटक, त्याने टाकलं. त्यानंतर आठवडाभरात न्यूयॉर्कला त्याने कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि मग रोहितलाही बाद केलं. तुला त्या दोन विकेट दिसतात. मला त्याच्या आधीची नऊ वर्षं दिसतात. क्रिकेट मिळालं नसतं, तरी त्याचं तिथलं आयुष्य उभंच होतं.

आता उन्मुक्त चंद आठव. 2012 मध्ये टाउन्सव्हिलला 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कर्णधार म्हणून नाबाद 111. 2021 मध्ये त्याने भारतातल्या क्रिकेटमधून निवृत्ती घेतली आणि अमेरिका गाठली. खेळाडू म्हणून तो तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, मेहनतीतही कमी नाही. तरी 2024 च्या विश्वचषकाला अमेरिकेच्या संघात त्याचं नाव नव्हतं. त्याच 2012 च्या संघातला हरमीत सिंग मात्र अमेरिकेकडून खेळला. म्हणजे तिथेही निवड समिती आहे, तिथेही पंधराच जागा आहेत, आणि त्या जागांसाठी रांगेत उभी असलेली बरीच मुलं आपल्याकडच्याच मैदानांवर घडलेली आहेत.

म्हणून तुला एकच विचारतो. अमेरिकेची कॅप, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय संघातली जागा, कधीच मिळणार नाही, असं आज कुणी लिहून दिलं, तरी तुला टेक्सासमध्ये राहायचं आहे का? तिथे शिकायचं, कमवायचं, संसार करायचा, तिथल्या मुलांना बॉल कसा धरायचा ते शिकवायचं, यात तुला आनंद वाटतो का? उत्तर मनापासून हो असेल तर जा, मी स्वतः तुला स्टेशनवर सोडायला येईन. फक्त कॅपसाठी जाणार असशील, तर जाऊ नकोस. कॅप निवड समितीच्या हातात आहे. रोज सकाळी उठून कुठल्या गावात डोळे उघडायचे, एवढंच तुझ्या हातात आहे.

नियमांबद्दल एजंटने अर्धंच सांगितलंय. आयसीसी या जागतिक क्रिकेट संघटनेच्या नियमाप्रमाणे त्या देशात जन्म, त्या देशाचा पासपोर्ट किंवा सलग तीन वर्षांचं खरं वास्तव्य, यातलं एक हवं. म्हणजे पासपोर्ट नसतानाही टी-20 विश्वचषक खेळता येतो, हे खरं. पण 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकची जी गोष्ट त्याने रंगवली, तिथे नागरिकत्वाशिवाय चालत नाही. ऑलिंपिक सनदेत ते स्पष्ट आहे. तू आज गेलास, तर 2028 पर्यंत अमेरिकेचा नागरिक होणं तुझ्यासाठी जवळपास अशक्य. शिवाय ज्या दिवशी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेशील, त्या दिवशी भारताचं जाईल. आपला कायदा दोन नागरिकत्वं मानत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मतदान करता येत नाही. हे आईला आधीच समजावून सांग, नंतर कळलं तर तिला फार लागेल.

आणि बीसीसीआयचं. परदेशातल्या टी-20 लीगमध्ये खेळायचं तर इथल्या सगळ्या क्रिकेटमधून निवृत्ती पत्करावी लागते, आयपीएलसकट. प्रवीण तांबेंचं काय झालं ते वाच. एक्केचाळिसाव्या वर्षी आयपीएल पदार्पण करणारा हा मुंबईकर लेगस्पिनर परदेशात टी-10 लीग खेळला होता. डिसेंबर 2019 च्या लिलावात कोलकात्याने घेतल्यावरही तेवढ्या कारणाने त्यांना अपात्र ठरवलं गेलं. तू बाविशीत आहेस. निवृत्तीच्या कागदावर सही करण्याआधी त्या कागदाचं वजन ओळख.

व्हिसाचंही तसंच. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला 20 तास काम करता येतं, बाहेर काम करायला वेगळी परवानगी लागते. पर्यटक व्हिसावर तर पगार घेताच येत नाही. 'सगळं होतं, काळजी करू नको' असं एजंट म्हणाला असेल, तर तो व्हिसा कोणता, पगार कुणाच्या नावाने निघणार आणि दुखापत झाली तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, हे त्याच्याकडून लेखी घे. तिथला बोर्डाचा कारभारही स्थिर नाही. सप्टेंबर 2025 मध्ये आयसीसीने यूएसए क्रिकेटचं सदस्यत्व निलंबित केलं. संघाला आयसीसीच्या स्पर्धा खेळायची मुभा ठेवली, पण अशा वेळी खालच्या फळीतल्या खेळाडूला कोण विचारतं?

इथे काय शिल्लक आहे, तेही बघ. तू म्हणतोस, महाराष्ट्राच्या संघात डावखुऱ्या फिरकीला जागा नाही. जागा अवघड आहे, हे मान्य. पण आपल्या नाशिकच्याच सत्यजित बच्छावने तीच फिरकी टाकत ती मिळवली होती. रणजीत नवख्या खेळाडूला अकरात असेल तर दिवसाला 40,000 रुपये मानधन आहे. साखळीतले चार-चार दिवसांचे सात सामने पूर्ण खेळलास तर 11 लाखांच्या वर जातं. इथेच दुसऱ्या राज्याचा रस्ताही आहे. मिलिंद कुमार दिल्लीतून सिक्कीमला गेला आणि 2018-19 च्या रणजी मोसमात 1331 धावा केल्या. तो नंतर अमेरिकेकडून खेळला, पण आधी इथलं सगळं करून बघितलं त्याने. तू अजून एकाही राज्याकडे चौकशी केलेली नाहीस.

मला जास्त काळजी तुझ्या रागाची आहे. मागच्या मोसमात इन्व्हिटेशन स्पर्धेत तुझ्या विकेट सगळ्यांत जास्त होत्या आणि संभाव्य संघाच्या यादीत तुझं नाव नव्हतं. अन्याय झाला, मीही तेव्हा बोललो आणि आजही तेच म्हणतो. पण तुझ्या मेसेजमध्ये 'त्यांना दाखवून देतो' हे वाक्य तीन ठिकाणी आहे. केव्हिन पीटरसनही आपल्या मायदेशावर, दक्षिण आफ्रिकेवर, चिडून इंग्लंडला गेला होता. 2005 च्या सुरुवातीला इंग्लंडकडून तिथे परतला तेव्हा मैदानं त्याच्यावर ओरडत होती आणि त्याने त्या मालिकेत तीन शतकं ठोकली. हे ऐकून तुझ्या अंगात वीज शिरेल, माहीत आहे. पण त्याची आई इंग्लिश होती, हातात काऊंटीचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक संघाचा, करार होता आणि पात्रतेची चार वर्षं त्याने धावा करत काढली. रागावर तो विमानात बसला असेल, ती चार वर्षं रागावर निघाली नसती.

जायचं ठरलंच, तर पूर्ण जा. अर्धा जीव गंगापूर रोडवर ठेवून तिकडच्या टोपीसाठी खेळू नकोस, ते त्या संघातल्या मुलांवर अन्याय करणारं आहे. उद्या भारताविरुद्ध बॉल हातात आला, तर सौरभने टाकला तसा जीव ओतून टाक. त्या दिवशी मी टीव्हीसमोर असेन आणि तुझ्या विकेटला टाळी वाजवेन, भारत हरला तर वाईटही वाटेल. दोन्ही खरं असेल.

आणि जायचं असो वा नसो, टी.वाय.चे राहिलेले दोन विषय या एप्रिलमध्ये सोडव. पदवीशिवाय तिकडच्या विद्यापीठात पुढचं शिकायला जाता येणार नाही, आणि तुझ्यासाठी सगळ्यांत भक्कम रस्ता तोच आहे असं माझं मत आहे.

रविवारी नेट्स संपल्यावर कराराचा मसुदा घेऊन घरी ये. बाबांना बरोबर आण. ते अंबडहून रात्रपाळी करून येतात, तेव्हा दहाच्या आधी बोलावू नकोस, झोप होऊ दे त्यांची. माझे एक वकील मित्र व्हिसाची कामं बघतात, त्यांनाही बोलावलंय. तोवर कशावरही सही करू नकोस आणि त्या एजंटला एक रुपयाही देऊ नकोस.

तुझा,
सर