शिबिराला नट आणावा का?

प्रश्न : ताई, नमस्कार. गावच्या यात्रेत देवस्थान ट्रस्ट यंदा बीपी आणि शुगर तपासणीचं शिबिर घेणार आहे. विश्वस्त म्हणतात, मालिकेतला एखादा नट आणू, गर्दी होईल. आम्हा पोरांना वाटतं, तेच पैसे गोळ्या वाटायला वापरावेत. तुमचं मत?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : नट फुकट येत असेल तर जरूर आणा. मानधन मागत असेल तर राहू द्या. गोळ्या वाटण्याचंही मला पटत नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

मी आरोग्यसेविका होते. पल्स पोलिओच्या रविवारी माझा बूथ एसटी स्टँडवर असायचा. अमिताभ बच्चन टीव्हीवर दरडावायचे आणि आज्या ‘बच्चननं सांगितलंय’ म्हणत नातवंडं काखोटीला मारून यायच्या. पण करंगळीला शाई न लागलेली पोरं उरायचीच. त्यांच्यासाठी सोमवारपासून आम्हीच दारं वाजवायचो.

खरा कस लागला उत्तर प्रदेशात. २००२ साली देशात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण सापडले, त्यातले बाराशेवर त्या एका राज्यात. डोसानं पोरं पुढे नपुंसक होतात, अशी अफवा अनेक मुस्लिम वस्त्यांत होती. तिथे इमामांनी मशिदीच्या भोंग्यावरून डोस पाजायला सांगितलं आणि वस्तीतल्याच बायका घरोघर गेल्या. देशात २००९ मध्ये ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. शेवटचा सापडला जानेवारी २०११ मध्ये, हावड्याला. (२०१० मध्ये नवी द्विगुणी, म्हणजे पोलिओच्या दोन प्रकारच्या विषाणूंवर चालणारी लसही आली होती, तेव्हा सगळं श्रेय भाषणांना देऊ नका.)

तुमच्याकडे देऊळ आहे. आदल्या रात्री कीर्तनकारबुवांकडून पाच मिनिटं मागून घ्या. नट आलाच तर त्यानं एवढंच सांगावं : बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका. त्याला स्वतःला बीपी असेल आणि तो ते चारचौघांत बोलणार असेल, तर सोन्याहून पिवळं. बच्चन आपल्या क्षयरोगाबद्दल उघड बोललेच की.

आता गोळ्या. शिबिरात महिनाभराच्या वाटाल, पुढच्या महिन्यात काय? तिशीपुढच्यांची तपासणी उपकेंद्रात होते, गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. शिवाय यात्रेत पायपीट करून, वर चहा ढोसून आलेल्याचा आकडा चढलेलाच असतो. त्याला पाच मिनिटं शांत बसवा, मग पट्टा बांधा. तरी जास्त निघाला तर लगेच बीपीचा रुग्ण ठरवू नका; नाव वहीत लिहा, यादी आशाताईंकडे द्या, म्हणजे पुन्हा तपासणी होईल. फारच जास्त असेल किंवा छातीत दुखत असेल, तर तिथूनच दवाखान्यात न्या.

ट्रस्टचा पैसा वाड्यावस्त्यांवरच्या म्हाताऱ्यांना त्या फेरतपासणीला आणणाऱ्या जीपला लावा. आणि फ्लेक्स छापण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून तारीख ठरवा. यात्रेच्या दिवशी त्यांची माणसं बंदोबस्ताच्या ड्युटीवर अडकलेली असतात.