व्हेरिकोसीलच्या ऑपरेशननंतर लहान झालेलं वृषण वाढतं का? आणि मूल होतं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली, डाव्या वृषणाच्या शिरा फुगल्यात (यालाच व्हेरिकोसील म्हणतात), डॉक्टरांनी ग्रेड ३ सांगितलंय, म्हणजे शिरा नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, डावं वृषण उजव्यापेक्षा लहान दिसतं आणि काउंट, म्हणजे वीर्यातली शुक्रजंतूंची संख्या, कमी आलाय. मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे नमुने मी तपासतो. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

आकाराचीच तुम्हाला जास्त धास्ती दिसते, म्हणून ते आधी. वृषणाचा बहुतेक भाग शुक्रजंतू तयार करणाऱ्या नलिकांचा असतो. शिरांमधलं रक्त उलटं येऊन तिथंच साचलं की उष्णता वाढते, नलिका खराब होत जातात आणि वृषण आक्रसतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरात वेळेवर ऑपरेशन झालं तर मागे पडलेली बाजू बऱ्याचदा दुसरीच्या बरोबरीला येते. म्हणूनच एक बाजू २० टक्क्यांहून जास्त लहान असेल तर त्या वयात डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात. तुमच्या वयात तेवढी आशा धरू नका. थोडं वाढलं तर वाढतं, नाहीतर आहे तेवढंच राहतं. मुख्य फायदा म्हणजे पुढची झीज थांबू शकते. आकार तसाच राहून काउंट चांगला वाढलेला मी पाहिलाय. म्हणून हाताने रोज चाचपून बघणं सोडा, जिवाला घोर लागतो फक्त.

ऑपरेशननंच वृषण सुकेल का, ही भीतीही काही जण बोलून दाखवतात. वृषणाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला इजा झाली तर तसं होऊ शकतं, पण ते क्वचित. मायक्रोस्कोपखाली, जांघेजवळ लहान चीर देऊन केलेल्या ऑपरेशनात धमनी आणि लसवाहिन्या वेगळ्या ओळखून वाचवता येतात, त्यामुळे नंतर वृषणाभोवती पाणी भरणं आणि शिरा पुन्हा फुगणं दोन्ही कमी होतं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल, यवतमाळचं शासकीय रुग्णालय, कुठंही दाखवा, पण ‘मायक्रोस्कोपने करता का?’ हे विचारायला लाजू नका. पुढं काही आठवडे पोतं, कापसाचं गाठोडं, फवारणीचा पंप उचलायचा नाही. म्हणून वावरातली कामं बघूनच तारीख घ्या.

आता लेकराचं. साधारण दहापैकी सहा-सात जणांचा रिपोर्ट ऑपरेशननंतर सुधारतो. वर्षभरात नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याचं प्रमाण त्याहून कमी, साधारण दहापैकी तीन-चार जोडप्यांत. हा आकडा तुम्हाला छोटा वाटेल, पण रिपोर्ट सुधारला तर पुढच्या उपचारालाही मदत होते. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७२ दिवस लागतात, शिवाय बाहेर येईपर्यंतचे दिवस वेगळे. तरी लोक महिन्याभरातच नमुना घेऊन येतात आणि ‘काहीच फरक नाही’ म्हणून तोंड पाडून बसतात. मला फार वाईट वाटतं ते पाहून. पहिला रिपोर्ट तीन महिन्यांनी, दुसरा सहा महिन्यांनी करा.

आणि ऑपरेशनच्या आधी एकाच रिपोर्टवर निर्णय घेऊ नका. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचा ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने काउंट खाली जाऊ शकतो. नमुन्याआधी २ ते ७ दिवस संबंध नको. गावाहून एसटीत डबी आणण्यापेक्षा लॅबमध्येच नमुना द्या, कारण तासाभरात तपासायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत काउंटची १६ दशलक्ष प्रति मिली ही खालची मर्यादा आहे, पण किती टक्के शुक्रजंतू हालचाल करतात हेही तितकंच बघा. ज्याच्या शिरा हाताला लागत नाहीत, फक्त सोनोग्राफीत दिसतात, त्याला ऑपरेशनचा फायदा दिसत नाही. तुमची तशी गोष्ट नाही.

कोणी ताकदीचं म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर घेऊ नका. त्यानं शुक्रजंतू तयार होणंच बंद पडू शकतं. शिरा बसवणारी गोळी किंवा भस्म तर नाहीच.

वहिनींबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही, हे मला खटकलं. आपल्याकडे चार वर्षं नवस, उपास, अंगारा सगळं बाईच्या वाट्याला येतं आणि नवऱ्याची तपासणी शेवटी होते. तुमच्याकडे तसं झालं असेल तर घरच्यांना तुमचा रिपोर्ट तुम्हीच सांगा. त्यांची तपासणीही आताच, तुमच्यासोबत करून घ्या. त्यांचं वय पस्तिशीच्या जवळ असेल तर वाट बघत बसण्यापेक्षा थेट आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) विचार करावा का, हे स्त्रीरोग तज्ज्ञांना विचारा.

एक तपासून सांगा: आडवं झाल्यावर फुगलेल्या शिरा बसतात का? बसत नसतील, किंवा अचानक फुगल्या असतील, तर ऑपरेशनआधी मूत्रपिंडाची सोनोग्राफी करून घ्या.