चारचौघांत नाचायची, खेळायची लाज कशी घालवावी?

लाज जाईपर्यंत थांबू नका, तिला घेऊनच उतरा. मी स्वतः वरातीत सगळ्यांच्या पर्सा सांभाळत कडेला उभा राहणारा गडी!

एकदा माउलींच्या पालखीसोबत पुणे ते सासवड चाललो. विसाव्याला एका आजींनी हात पुढे केला, "या की माउली, फुगडी घालू." नाही म्हणेपर्यंत हात धरलेसुद्धा. फुगडीचं गणित साधं आहे: हातांची कैची, पाय जवळ आणि अंग मागे झोकून द्यायचं. अंग चोरलंत तर गिरकी बसतच नाही. एकदा वेग आला की कोण बघतंय हे दिसायलाही सवड नसते.

आणि खरं तर लोक आपल्याला वाटतं तितकं बघतही नाहीत. मानसशास्त्रज्ञ गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला.

तेव्हा सुरुवात गर्दीत करा, जिथे सगळेच नाचतायत. एकट्याने स्टेजवर वगैरे नंतर.

त्या फुगडीचा कोणीतरी फोटो काढला होता. टोपी उडालेली, तोंड आ वासलेलं. सध्या तोच डीपी आहे.